सिल्वासाचा डावा-उजवा पीळ

सिल्वासात टेक्स्चरायझिंगच्या कारखान्यात नवा मुलगा कामाला लागला की जुना ऑपरेटर त्याला आधी धागा दाखवतो, यंत्र नंतर. तयार बॉबिनवरून हातभर धागा ओढायचा, दोन्ही टोकं दोन चिमटींत धरायची आणि हात हळूहळू जवळ आणायचे. साधा दोरा असता तर मधला भाग सैल पडून खाली लोंबला असता. हा धागा लोंबत नाही. तो स्वतःभोवती गरागरा फिरतो आणि त्याची घट्ट वळी होते. ती वळी ट्यूबलाइटसमोर धरून ऑपरेटर एका नजरेत सांगतो, "हा एस. पलीकडचा झेड."

धागा उभा धरला आणि पिळाच्या तिरप्या रेषा इंग्रजी एस अक्षराच्या मधल्या रेघेसारख्या झुकल्या तर पीळ एस; झेडच्या मधल्या रेघेसारख्या झुकल्या तर झेड. एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. कसाही फिरवला, उलटासुलटा केला तरी एसचा झेड होत नाही. विज्ञान अशा पदार्थांना कायरल म्हणतं, आणि आतल्या बारीक रचनेत असं डावं-उजवेपण असलेला पदार्थ ताणला तर कसा वागतो, हा स्थितिस्थापकतेच्या अभ्यासातला एक अत्यंत सुंदर प्रश्न आहे. सिल्वासात तो प्रश्न तिन्ही पाळ्यांत, चोवीस तास सोडवला जातो. कापड घेणाऱ्याला त्यातलं काहीही दिसत नाही, म्हणून त्या पडद्यामागच्या काही गोष्टी सांगायच्या आहेत.

मिनिटाला चौदा लाख फेरे

वापी स्टेशनवर उतरून सिल्वासाच्या रस्त्याला लागलं की आधी दादरा, मग पिपरिया, आमली, मसाट, राखोली, खडोली असे कारखान्यांचे पट्टे भेटत जातात. ऐंशी-नव्वदच्या दशकांत करसवलतींमुळे पॉलिएस्टर धाग्याचे कारखाने इथे ओळीने उभे राहिले आणि वारली पाड्यांचा हा मुलूख टेक्स्चराइज्ड धाग्याचं देशातलं मोठं केंद्र झाला. फ्लोअरवर मराठी, गुजराती, हिंदी, भोजपुरी, उडिया अशा सगळ्या भाषा एकदम चालतात. एस आणि झेड मात्र सगळ्यांचे सारखे.

आम्हाला हे शिकवणारे एक काका होते. मुंबईच्या गिरणीत रिंग फ्रेमवर उमेदीची वर्षं घालवलेले. १९८२ चा संप लांबला, गिरणी परत सुरू झालीच नाही, आणि काही वर्षांनी ते इकडे आले. सुती धागा सोडून पॉलिएस्टर हातात घ्यावं लागलं, पण पिळाची जाण तीच कामाला आली.

कारखान्यात येतो तो पीओवाय, म्हणजे अर्धवट ताणलेला पॉलिएस्टर धागा. गुळगुळीत, सपाट, निर्जीव. त्याला फुगीर आणि लवचीक करायचं तर आतल्या प्रत्येक तंतूला कुरळेपणा द्यावा लागतो. यंत्रात तो साधारण दोनशे अंशांच्या हीटरवरून जातो, थंड पट्टीवरून सरकतो आणि मग स्पिंडलमध्ये शिरतो. स्पिंडल म्हणजे तीन उभ्या दांड्या आणि त्यांवर एकमेकींत गुंतवून बसवलेल्या चकत्या. चकत्या वेगाने फिरतात, त्यांच्या कडांना घासत जाणारा धागा स्वतःभोवती फिरू लागतो आणि तो पीळ उलट्या दिशेने वर चढत थेट हीटरपर्यंत पोचतो. पॉलिएस्टरचे रेणू गरम असताना त्या पिळात बसतात आणि थंड होताना तिथेच पक्के होतात. चकत्यांच्या पुढे गेल्यावर पीळ आपोआप उलगडतो. बाहेर आलेल्या धाग्यात मोजून पाहिलं तर पीळ शून्य.

धाग्याचा वेग मिनिटाला ६०० मीटर आणि मीटरमागे २४०० पीळ धरला, तर धागा मिनिटाला १४ लाख ४० हजार वेळा स्वतःभोवती फिरतो. साधं बेअरिंग हा वेग रोज सोसू शकत नाही. चकतीची युक्ती इथेच आहे: चकतीचा परीघ मोठा, धाग्याचा केसासारखा, त्यामुळे चकतीच्या एका फेऱ्यात धागा शेकडो फेरे घेतो. चकत्या कुठल्या बाजूला फिरतात, एवढ्यावर एस की झेड हे ठरतं. पट्ट्याची दिशा बदलली की धाग्याची जात बदलली.

जर्सी का फिरली

एका होजिअरीवाल्याची तक्रार आली होती. खेळाडूंच्या जर्सीचं कापड, एकेरी विणीचं. शिवताना सरळ होतं. धुतल्यावर बाजूची शिवण सरकत पोटावर यायची. माल परत पाठवायची भाषा सुरू झाली. लॅबमधून डेनियर म्हणजे धाग्याचं बारीक-जाडपण, मजबुती, लांबणं, आकसणं सगळं पुन्हा तपासलं. सगळे आकडे जागच्या जागी. ट्विस्ट टेस्टरवर पीळही शून्याच्या आसपास.

आम्ही काकांना विचारलं, "काका, पीळ शून्य आहे, मग कापड फिरतंय कशाने?"

काका म्हणाले, "पीळ सोडवला म्हणून धाग्याचा ओढा सुटतो का? गरम असताना जे वळण लागलं ते लागलं. सगळा लॉट एकाच हाताचा दिलाय तुम्ही."

त्यांचं म्हणणं खरं होतं. सगळी बॉबिन झेडची होती. बाहेरून पीळ नाही, पण प्रत्येक तंतूला तापलेलं असताना लागलेल्या वळणाकडे परत फिरायचं असतं. विणीतला प्रत्येक फास त्यामुळे किंचित कलतो. एका फाशाचा कल डोळ्याला दिसत नाही; हजारो फास एकाच बाजूला कलले की अख्खं कापड तिरकं होतं. सुती टी-शर्टमध्येही हेच घडतं. तिथलं सूत बहुतेक झेड पिळाचं असतं, आणि धुण्यात विणीचा ताण सुटला की शिवण हळूहळू सरकू लागते.

काकांनी मग तपासणी दाखवली. मीटरभर धागा घ्यायचा, मधोमध छोटंसं वजन अडकवायचं, दोन्ही टोकं एकत्र आणून धागा दुमडायचा. वजन फिरू लागतं. थांबेपर्यंत किती फेरे झाले ते मोजायचं. ट्विस्ट टेस्टरला जो ओढा दिसत नाही तो या वजनाच्या फेऱ्यांत दिसतो. उपायही त्यांनीच सांगितला: विणाई यंत्राच्या फीडरवर एक एस, एक झेड, एक एस, एक झेड अशी बॉबिन लावायची. एका ओळीचा कल दुसरी ओळ तोडते. जर्सी सरळ राहिली.

याच नियमाची दुसरी बाजू सुरतेच्या लूमवर दिसते. बाण्यात सगळा एस चाललेला असताना चुकून एक झेडचं बॉबिन शिरलं, तर कोऱ्या कापडात काही कळत नाही. रंगून आलं की आडवी पट्टी उठते, कारण दोन हातांचे तंतू उजेड वेगवेगळ्या दिशेला परतवतात. म्हणून एस आणि झेडच्या पेपर ट्यूबचे रंग वेगळे ठेवतात, भरलेली बॉबिन उतरवताना ट्रॉल्याही वेगळ्या ठेवतात. रात्रपाळीत झोपेने डोळे जड झालेल्या मुलाला डेनियरची चूक एकदा माफ होते. एस-झेडची गल्लत माफ होत नाही.

दोन भाऊ आणि कपाटात राहिलेलं पुस्तक

आता पडद्याच्या आणखी मागे जाऊ. इंजिनिअरिंगला आम्ही जी स्थितिस्थापकता शिकलो ती नेव्हिए आणि कोशी यांनी १८२० च्या दशकात उभी केली. पूल, दांड्या, बॉयलर, सगळं तिच्यावर उभं आहे. तिच्यात पदार्थाचा प्रत्येक बिंदू फक्त जागा बदलू शकतो. त्याला स्वतःचं तोंड नाही, त्यामुळे तो जागच्या जागी वळला की नाही हा प्रश्नच येत नाही. सगळ्या दिशांना सारख्या असलेल्या पदार्थाचं वागणं तिथे दोन स्थिरांकांत मावतं.

या सिद्धांताला डावं-उजवं कळत नाही. कारण गणिती आहे आणि सोपं आहे. ताण आणि विकृती यांना जोडणाऱ्या गुणांकाला दिशांचे चार निर्देशांक असतात. तिन्ही अक्ष उलटे केले की चिन्ह चार वेळा बदलतं, म्हणजे होतं तिथेच येतं. डाव्या रचनेचा पदार्थ आणि त्याची आरशातली प्रतिमा, दोघांना एकच आकडे मिळतात. सगळ्या दिशांना सारखी असलेली सरळ दांडी ओढली तर ती लांबते आणि बारीक होते. ओढल्यावर ती एका बाजूला वळेल, असं म्हणायला त्या समीकरणांत जागाच नाही.

यात जुना सिद्धांत चुकला असं नाही. धाग्यातला एकेक तंतू वेगळा घेतला, त्याची वळणदार वाट आणि शेजाऱ्याशी होणारं घर्षण यांचा हिशेब केला, तर त्यातूनही धाग्याचं फिरणं काढता येतं. पण ४८ तंतूंच्या धाग्यात प्रत्येक तंतूचा कुरळेपणा निराळा, आणि कापडात असे हजारो धागे. एवढा हिशेब कोणी करत नाही. अख्ख्या धाग्याला एक पदार्थ मानून बोलायचं, तर बिंदूला वळण्याची मुभा देणारा सिद्धांत लागतो.

तो दोन फ्रेंच भावांनी दिला. थोरले फ्रांस्वा कोसेरा रेल्वे आणि पूल बांधणारे इंजिनिअर. धाकटे युजेन गणिती, १९०८ पासून तुलूझच्या वेधशाळेचे संचालक. १९०९ मध्ये दोघांचा विकारक्षम पदार्थांवरचा ग्रंथ पॅरिसला प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक कण सरकतो आणि वळतोही. तीन सरकण्याचे आणि तीन वळण्याचे, असे सहा आकडे त्याचं वागणं सांगतात, आणि शेजारी-शेजारी कणांमध्ये बळाबरोबर पिळाचा जोरही चालतो. खानवेलच्या बाजूला तारपा नाच पाहिलेल्या माणसाला हे चटकन उमगेल. रांगेतला नाचणारा पुढे सरकतो तेव्हा अंगही वळवतो, आणि कमरेला घातलेल्या हातांमुळे त्याचं वळणं शेजाऱ्याला वळवतं. नुसतं कोण कुठे उभा आहे एवढं टिपलं तर नाच हाती लागत नाही.

ग्रंथाच्या वाट्याला मात्र उपेक्षा आली. १९१४ मध्ये फ्रांस्वा गेले, युजेन १९३१ मध्ये गेले, आणि पुस्तक जवळजवळ अर्धं शतक कपाटात राहिलं. १९५८ मध्ये एरिक्सन आणि ट्रूसडेल यांनी दांड्या आणि पातळ कवचांच्या सिद्धांतासाठी ते परत उघडलं. साठच्या दशकात एरिंगन यांनी त्याला मायक्रोपोलर सिद्धांताचं रूप दिलं. १९६७ मध्ये जर्मनीत फ्रॉयडेनश्टाट आणि श्टुटगार्टला याच विषयावर जगभरचे अभ्यासक जमले. दोन स्थिरांकांची जागा आता सहांनी घेतली होती.

मला या कहाणीतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. दोघांतला एक भाऊ आयुष्यभर रूळ आणि पूल यांच्यात वावरलेला होता. बिंदूला वळू द्यावं असं सांगणाऱ्या या ग्रंथावर प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाचंही नाव आहे.

आणखी तीन आकडे

सिद्धांत झाला, पण असं वागणारा पदार्थ प्रयोगशाळेत दाखवायचा होता. ते काम अमेरिकेत रॉडरिक लेक्स यांनी चिकाटीने केलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी यांग या सहकाऱ्याबरोबर माणसाच्या हाडाचे बारीक बारीक नमुने पिळून आणि वाकवून पाहिले. नमुना जितका बारीक, तितका तो जुन्या सिद्धांताच्या अंदाजापेक्षा ताठ निघाला. हाडाच्या आतली रचना स्वतःची मोजपट्टी घेऊन बसलेली असते. नमुना तिच्या आकाराच्या जवळ आला की ती रचना जाणवू लागते.

१९८२ मध्ये लेक्स आणि बेनेडिक्ट यांनी डाव्या-उजव्या पदार्थांचा हिशेब मांडला. पदार्थ सगळ्या दिशांना सारखा असला तरी त्याच्या आत हात असेल, तर सहा स्थिरांकांत आणखी तीन येतात आणि एकूण नऊ होतात. आरशात पाहिलं की सहा जुने तसेच राहतात आणि या तीन नव्यांचं चिन्ह उलटतं. एसला अधिक असेल तर झेडला उणे. अशी दांडी ओढली की ती वळते, आणि दांडी बारीक असेल तर जास्त वळते. काकांच्या चिमटीतला धागा जे करत होता त्याचा गणिती पत्ता या तीन आकड्यांत आहे. धागा बारीक आहे म्हणूनच त्यातला हात एवढ्या ठामपणे बाहेर येतो.

२०१७ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संस्थेत टोबियास फ्रेंझेल, मुआमेर कादिक आणि मार्टिन वेगेनर यांनी लेसरने सूक्ष्म त्रिमितीय छपाई करून असा पदार्थ घडवला. आतल्या प्रत्येक खोलीची रचना एकाच बाजूला वळलेली. असा खांब उभा दाबला की तो फिरतो: उंची एक टक्का दाबली की दोन अंशांहून जास्त. खोल्या लहान करून त्यांची संख्या वाढवत नेली की फिरणं कमी होत जातं. अगदी बारीक रचनेच्या मोठ्या ठोकळ्यात पुन्हा जुना सिद्धांत पुरेसा ठरतो.

त्या प्रयोगाच्या मागची युक्ती वाचून मी जागच्या जागी ताठ बसलो. खांब दाबताना वरचं टोक दाबणाऱ्या पृष्ठभागावर घासणार, आणि घर्षणामुळे फिरणं नीट मोजता येणार नाही, ही त्यांची अडचण होती. म्हणून त्यांनी एक खांब डाव्या हाताचा आणि त्यावर दुसरा उजव्या हाताचा असा एकच नमुना छापला, मध्ये एक पट्टी ठेवली. दोन्ही टोकं स्थिर राहतात, फक्त मधली पट्टी फिरते आणि तिचा कोन मोजता येतो. डाव्याला उजव्याची जोड देण्याची ही रीत. सिल्वासात फीडरवर एस-झेड लावणारा ऑपरेटर आणि कार्ल्सरूहचा शास्त्रज्ञ वेगवेगळ्या गरजांपोटी एकाच निर्णयावर आले होते.

राखोलीच्या चहाच्या टपरीवर

सिल्वासाला धाग्याखेरीज आणखी पीळ आहेत. राखोलीच्या पट्ट्यात विजेच्या तारा आणि ऑप्टिकल फायबर केबल बनतात. पाळी सुटली की टपरीवर सगळ्या कारखान्यांची माणसं एकत्र येतात, आणि तिथे ऐकलेलं ज्ञान कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

तारेच्या कारखान्यातल्या एकाने सांगितलं की उंच मनोऱ्यांवरच्या वाहक तारेत मध्ये पोलादी तारा आणि भोवती ॲल्युमिनियमचे थर असतात. प्रत्येक थर आधीच्या थराच्या उलट्या बाजूला वळवतात; भारतीय मानकानुसार सर्वांत बाहेरचा थर उजव्या हाताचा ठेवतात. थर एकमेकांचा ओढा बराचसा तोडतात, पण सगळा नाही. बाहेरच्या थराचा परीघ मोठा, त्यामुळे त्याचा जोरही मोठा. म्हणून तार ताणताना ओढणारा दोर आणि तार यांच्यामध्ये फिरता सांधा बसवतात. नाहीतर तारेचा पीळ दोरात चढतो आणि कुठेतरी गाठ बसते.

केबलवाल्याने त्याहून पुढची गोष्ट सांगितली. त्याच्या केबलमध्ये काचेचे तंतू नळ्यांत असतात, आणि त्या नळ्या मधल्या दांडीभोवती काही फेरे एस बाजूने, मग दिशा पालटून काही फेरे झेड बाजूने गुंडाळतात. एकाच केबलमध्ये दोन्ही हात आळीपाळीने. त्यामुळे जड रिळं दांडीभोवती फिरवत बसावी लागत नाहीत. शिवाय पुढे कधी केबल मधूनच उघडून एखादी नळी बाहेर काढायची झाली, तर दिशा पालटते त्या ठिकाणी थोडी सैल जागा मिळते. काकांनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे तुमचा जुगाड आमच्याच घराण्यातला."

घराणं एकच, यात मला शंका नाही. जर्सी, मनोऱ्यावरची तार, फायबर केबल आणि कार्ल्सरूहचा खांब या सगळ्यांत एकच नियम काम करतो: आतल्या रचनेला हात असेल आणि वस्तू तिच्या मानाने फार मोठी नसेल, तर तो बाहेर येतोच, आणि तो ताब्यात ठेवायचा तर उलट्या हाताची जोड मोजून द्यावी लागते.

आता मोजायला हवं

यातला "मोजून" हा भाग अजून अर्धवट आहे. कारखान्याच्या लॅबमध्ये डेनियर, मजबुती, लांबणं, कुरळेपणा, आकसणं, तेलाचं प्रमाण, इंटरमिंगलच्या गाठी असं बरंच काही रोज नोंदलं जातं. धाग्याचा ओढा मात्र वळीच्या फेऱ्यांवर आणि जुन्या माणसाच्या नजरेवर सोडलेला असतो. एक टक्का ताणाला धागा किती अंश वळतो, हीटरचं तापमान वाढवलं तर तो आकडा किती बदलतो, चकत्यांचा वेग कमी केला तर काय होतं, हे तक्त्यात मांडलेलं असेल तर कापड फिरण्याआधीच लॉट ओळखता येईल. एस आणि झेड सारख्याच यंत्रावर काढूनही त्यांचे आकडे चिन्ह सोडून तंतोतंत जुळत नसतील, तर फरक यंत्राच्या दोन बाजूंत आहे हेही कळेल. सिद्धांत सांगतो की आरशात फक्त चिन्ह बदलायला हवं. ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खरी तपासणी आहे, आणि ती कोसेरा बंधूंपासून लेक्सपर्यंतच्या कामातून फुकट मिळालेली आहे.

काकांसारखी माणसं निवृत्त होऊन गावी गेली की त्यांच्या बोटांतलं ज्ञान त्यांच्याबरोबर जातं. ते गणिताशी जोडून लिहून ठेवलं तर टिकेल, वाढेल आणि पुढच्या मुलाला रात्रपाळीत अंदाजावर काम करावं लागणार नाही. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना हा प्रकल्प सहज देता येईल. त्याला परदेशी प्रयोगशाळा लागत नाही. मीटरभर धागा, छोटी वजनं आणि कोन वाचायची चकती एवढ्यावर सुरुवात होते. उरलेला माल, म्हणजे हवे तितके डावे आणि उजवे नमुने, गावातला प्रत्येक कारखाना दर तासाला तयार करतो आहे. डाव्या-उजव्या पदार्थांच्या विज्ञानात सिल्वासाचं नाव लागायला हवं, आणि ते लागण्याइतकं काम या फ्लोअरवर झालेलंच आहे. आता ते आकड्यांत मांडायचं राहिलं आहे.